नववी ब आणि पक्ष्यांचा नकाशा

राज्य मंडळाच्या नववीच्या भूगोलात पहिलाच पाठ आहे ‘वितरणाचे नकाशे’. टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, समघनी पद्धत. लालबाग-परळच्या पट्ट्यातल्या एका मराठी शाळेत मी हा पाठ बरीच वर्षं शिकवते आहे. जूनमध्ये वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात छत्र्या गळत असतात आणि पुढे मुलं एक टिंब म्हणजे अमुक इतके लोक, असं वहीत उतरवून घेत असतात. पुस्तकातलं टिंब आयतं छापून येतं. ते कुणी, कशावरून ठेवलं, हा प्रश्न वर्गात उपस्थितच होत नाही.

तो झाला पक्ष्यांमुळे. राज्य शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. दिवाळीची सुट्टी बहुतेकदा नेमकी त्याच सुमाराला येते, त्यामुळे आमच्याकडे सप्ताह सुट्टीनंतर उरकला जातो. एक भित्तिपत्रक, मोराची रांगोळी, एक भाषण. एका वर्षी मुख्याध्यापिका म्हणाल्या, “या वेळी भूगोलवाल्यांनी काहीतरी करा. दर वेळी विज्ञानवालेच का?” मग मी संगणक कक्षाची किल्ली मागून घेतली आणि नववी ब ला प्रोजेक्टरवर ईबर्डचा नकाशा दाखवला.

ईबर्ड २००२ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी ते उभं केलं. जगात कुठेही, कुणीही पाहिलेल्या पक्ष्यांची यादी त्यात भरावी. कुठे, कधी, किती वेळ आणि किती पक्षी एवढं सांगावं. २०२१ मध्ये त्यातल्या नोंदींनी शंभर कोटींचा आकडा ओलांडला. पक्ष्याचं नाव टाकलं की त्या सगळ्या नोंदी नकाशावर उमटतात. महिना निवडता येतो, वर्ष निवडता येतं, आणि हवं तितकं आत शिरता येतं. नावं मराठीत पाहायची सोय असल्यामुळे माझं काम निम्मं झालं. अडलं तर चितमपल्लींचा पक्षिकोश टेबलावर होताच.

“कोणता पक्षी टाकू?” म्हटल्यावर सगळा वर्ग ओरडला, “फ्लेमिंगो!” शिवडी आमच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. कॉटन ग्रीनला राहणारी मुलं तर ते गाव आपलंच असल्यासारखी बोलतात. नकाशावर भारत आला. कच्छकडे, किनाऱ्याने, देशात इकडेतिकडे जांभळे चौकोन, कुठे फिके, कुठे गडद. मागच्या बाकावरून आवाज आला, “टीचर, ही तर क्षेत्रघनी!” पाठ्यपुस्तकातला शब्द कुणी आपणहून वापरल्याचा आनंद मी तोंडावर दिसू दिला नाही. “मग गडद जांभळा म्हणजे काय?” “जास्त फ्लेमिंगो.”

इथे थांबावं लागलं. गडद म्हणजे जास्त पक्षी नव्हे. त्या चौकोनात भरलेल्या शंभर याद्यांपैकी किती याद्यांमध्ये हा पक्षी आहे, त्याची ती टक्केवारी. चाळीस याद्यांमध्ये असेल तर चाळीस टक्के. यादीत एक रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, असो की दहा हजारांचा थवा, या रंगाला दोन्ही सारखेच. म्हणजे आपण पाहतोय ती पक्ष्यांची गर्दी नाही; तिथे गेलेल्या माणसाला तो दिसण्याची शक्यता आहे. हे समजायला मुलांना वेळ लागला. टक्केवारी गणितात येते, भूगोलात नाही, असा त्यांचा पक्का समज असतो.

मग मुंबईत शिरलो. चौकोन फुटले आणि पिना दिसू लागल्या. “आता टिंब पद्धत!” हे मात्र सगळ्यांना एकदम कळलं. लाल पिन म्हणजे गेल्या तीस दिवसांतली नोंद, निळी म्हणजे त्याआधीची. ज्या पिनेवर ज्योतीची खूण, ते पक्षिनिरीक्षकांचं ठरलेलं सार्वजनिक ठिकाण, म्हणजे हॉटस्पॉट. शिवडीच्या किनाऱ्यावर पिनांची दाटी होती. काही तर खाडीच्या पाण्यात रोवलेल्या. “फ्लेमिंगो पाण्यात असतात म्हणून,” एकाने खुलासा केला. उत्तर तर्काला धरून होतं, पण पिन पक्ष्याची नसते. यादी करणारा माणूस जिथे उभा होता किंवा जिथून चालायला लागला, तिथे त्याने ती ठेवलेली असते. कधी अंदाजाने, कधी बोट घसरून. तासभर चालून केलेल्या यादीलाही एकच पिन. त्या पिनेशी जाऊन उभं राहिलं तर तिथे पक्षी भेटेलच असं नाही. भेटेल तो कुणीतरी उभा राहिल्याचा पुरावा.

त्यानंतर मी ‘घार’ टाकली, मुद्दाम. भांडुपचं पंपिंग स्टेशन, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, शिवडी, राणीची बाग, मलबार हिल अशी ठिकाणं पिनांनी भरून गेली. लालबाग, काळाचौकी, करी रोडच्या आसपास मात्र ठिपके विरळ. एक मुलगी म्हणाली, “म्हणजे आपल्याकडे घारी नाहीत?” आणि सगळा वर्ग खिडकीकडे बघून हसला, कारण लालबागच्या उड्डाणपुलावर त्या वेळी घारी घिरट्या घालत होत्या. त्या रोजच असतात. मटण-मासळीच्या बाजाराजवळ राहणाऱ्याला घार दाखवावी लागत नाही.

माझा पाठ खरा तिथे सुरू झाला. नकाशा चुकलेला नव्हता. त्याला जे सांगितलं गेलं, ते तो दाखवत होता. दुर्बीण घेतलेली माणसं रविवारी हार्बर लाइनने शिवडीला उतरतात, भांडुपला जातात, पहाटे राणीच्या बागेत फिरतात. लालबागला पक्षी बघायला कोण येणार? लोक भाद्रपदात राजाला येतात, आणि एरवी चिवडा किंवा मसाला घ्यायला.

मुलांना मी दोन प्रकारचा अभाव वेगळा करायला सांगितला. ईबर्डच्या नकाशावर काही चौकोन करडे असतात आणि काही जागा कोऱ्याच. करडा म्हणजे तिथे कुणीतरी यादी केली, पण तिच्यात हा पक्षी नव्हता. कोरी म्हणजे यादीच नाही. हजेरीपटात एखाद्यापुढे ‘गै’ लिहिलेला असणं आणि त्या दिवशी हजेरीच घेतलेली नसणं, यांत जो फरक आहे तोच हा. हे उदाहरण नववी ब ला तत्काळ पटलं, त्यामागची त्यांची कारणं मी विचारली नाहीत.

यावर उपाय एकच होता. हजेरी घ्यायची. शाळेसाठी म्हणून एक खातं उघडलं आणि मधल्या सुट्टीत गच्चीवर पंधरा मिनिटांची यादी सुरू केली. एका वेळी पाच-सहा मुलं, एकाच्या हातात वही, एकाच्या हातात घड्याळ. मोबाइल फक्त माझा, तोही यादी भरण्यापुरता. बर्ड काउंट इंडियाची मंडळी फेब्रुवारीत होणाऱ्या जागतिक पक्षिगणनेच्या चार दिवसांत हेच सांगतात. किमान पंधरा मिनिटं एका जागी थांबा, जे ओळखता आलं ते सगळं लिहा. फेब्रुवारी म्हणजे परीक्षा तोंडावर. पण पंधरा मिनिटांना कुठल्याच पालकाने हरकत घेतली नाही.

यादीच्या शेवटी ईबर्ड एक प्रश्न विचारतं. ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही लिहिले आहेत का? हो किंवा नाही. मला हा त्या सगळ्या यंत्रणेचा कणा वाटतो. ‘हो’ असेल तरच यादीत नसलेला पक्षी ‘दिसला नाही’ असा धरता येतो आणि टक्केवारी निघते. कुणी राखी धनेश पाहून फक्त तेवढाच लिहिला आणि कावळे सोडून दिले, तर ती नोंद खरी असूनही त्या हिशेबात बसत नाही. मुलांची अडचण नेमकी इथेच होती. कावळा, कबुतर, साळुंकी हे त्यांच्या लेखी पक्षीच नव्हते. “ते काय लिहायचं, टीचर? ते तर असतातच.” पितृपक्षात ज्याची गच्चीवर वाट बघत घरचे उपाशी बसतात, तो कावळा यादीत लिहायला मात्र कुणी तयार नाही.

कबुतराची गोष्ट तर त्याहून गमतीची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि त्यावरून केवढं आंदोलन झालं. न्यायालय, महापालिका, श्वसनाचे आजार, जीवदया, सगळं काही त्या एका पक्ष्याभोवती फिरलं. वर्गातही दोन तट पडले. एकाची आजी रोज ज्वारी टाकणारी, दुसऱ्याच्या वडिलांना दम्याचा त्रास. मी त्यांना भांडू दिलं आणि मग विचारलं, “आपल्या गच्चीवरून गेल्या महिन्यात कबुतरं वाढली की घटली?” कुणालाच सांगता येईना. ज्या पक्ष्यावरून शहर भांडतं, त्याचा आकडाही कुठेतरी कुणीतरी पंधरा-पंधरा मिनिटं थांबून लिहिलेला असावा लागतो. त्या दिवसापासून कबुतर यादीत पहिल्या ओळीवर गेलं.

मोजायचं कसं, हे आम्ही कबुतरांवरच शिकलो. उडत्या थव्यात दहा मोजायची, ती दहा डोळ्यांत धरायची आणि तेवढे गट पुढे मोजत जायचे. पुलाखालून सुटणाऱ्या पाकोळ्यांना हे जमेना, कारण त्या थांबत नाहीत. एका संध्याकाळी ज्यादा तासानंतर मुलांनी पाकोळ्यांचा मोठा आकडा भरला, आणि ईबर्डने तो लगेच अडवला. प्रत्येक भागासाठी, प्रत्येक महिन्यासाठी काही मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. आकडा त्यापलीकडे गेला की कसं पाहिलं, कसं मोजलं हे लिहावं लागतं, आणि पुढे एक स्वयंसेवक ते तपासतो. मुलांना आधी वाटलं, आपल्यावर खोटेपणाचा आळ आला. मग त्यांनी वहीतून गटांची नोंद काढली, दोघांनी वेगवेगळे मोजलेले आकडे लिहिले आणि त्यातला लहान आकडा ठेवला. नोंद मान्य झाली. मराठी शाळेतल्या मुलांना आपण लिहिलेल्या गोष्टीचं कारण कुणा अनोळखी माणसाला, बरोबरीच्या नात्याने, सांगायची संधी फार वेळा मिळत नाही.

यादी वाढत गेली तशी आमच्या गच्चीची माणसं ओळखीची झाली. घार, कावळा, कबुतर, साळुंकी, चिमणी. शेजारच्या पिंपळावर तांबट, जो दिसण्याआधी ठोके देतो. शेवग्याला फुलं आली की शिंजीर. सकाळी लवकर आलं तर दयाळ. पोपटांचा थवा हमखास संध्याकाळी, परळच्या हाफकिन संस्थेच्या जुन्या झाडांच्या दिशेने. यातलं काहीही दुर्मीळ नाही आणि कुणी छायाचित्रकार त्यासाठी लालबागला येणार नाही. पण ही यादी पूर्ण आहे.

चिमणीचं मात्र घरोघर वेगळं निघालं. मुलं तिला रोज पाहत होती, मोठी माणसं ‘चिमण्या गेल्या’ म्हणत होती. २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालात याचं उत्तर सापडतं. हा अहवाल ईबर्डवरच्याच एक कोटीहून अधिक नोंदींवर आधारलेला. त्यानुसार देशभरात चिमणीची संख्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर आहे, पण मुंबईसकट सहा महानगरांत ती घटत आली आहे. म्हणजे मुलं आणि मोठी माणसं, दोन्ही खरी. पंचवीस वर्षांपूर्वीचा आकडा मुलांकडे नाही, आणि आजचा आकडा मोजायला मोठ्यांना वेळ नाही.

एका मुलाचे आजोबा गिरणी कामगार. संपापर्यंत, म्हणजे १९८२ पर्यंत, ते कापडखात्यात होते. त्यांना शाळेत बोलावलं. ते सांगत होते, चाळीत प्रत्येक तसबिरीच्या मागे चिमणीचं घरटं असायचं. डब्याच्या वेळेला गिरणीच्या आवारात चिमण्यांचा थवा उतरायचा. मुलांनी उत्साहाने विचारलं, “टीचर, हे ईबर्डवर टाकायचं?” जुन्या नोंदी तिथे टाकता येतात, पण तारीख हवी, ठिकाण हवं. आजोबांना दिवाळी, पगाराची तारीख, बोनसचं वर्ष आठवत होतं. चिमण्यांची तारीख कोण ठेवतो? ती आठवण नकाशात बसत नाही. आम्ही ती वहीत लिहिली, आजोबांची सही घेतली आणि वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवली. नकाशाबाहेर राहिलेलं सगळं खोटं नसतं, हेही मुलांना कळायला हवं होतं.

तारीख आणि ठिकाण लिहिणारी माणसं मात्र याच परिसरात होऊन गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी स्थापन झाली, ती आमच्याजवळच, भायखळ्याच्या आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात. आठ संस्थापकांमध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. पुढे गिरगावात, खेतवाडीत मामाकडे वाढलेला एक मुलगा पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन सोसायटीच्या डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे गेला, आणि त्यांनी त्याला कपाटांतले पेंढा भरलेले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी असते, आणि तिच्यावर कुठे मिळाला, कधी मिळाला हे लिहिलेलं असतं. पुढे सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली; १९४१ मध्ये तिचं पुस्तक झालं. आजची पिन आणि ती चिठ्ठी यांत मागितलेली माहिती तीच आहे. फरक इतकाच की चिठ्ठीसाठी पक्षी मारावा लागे, आणि लिहिणारा फार थोड्या घरांतून येई.

पिनेला एक धोकाही आहे, आणि शिक्षिका म्हणून मला त्याची जास्त चिंता होती. घरातून केलेल्या यादीची पिन म्हणजे घराचा पत्ता. मुलांच्या चाळीचा पत्ता जगाला कळायचं कारण नाही. म्हणून आम्ही नियम केला की नोंद फक्त शाळेच्या नावाने आणि पिन फक्त सार्वजनिक जागेवर. मुलाचं नाव नाही. पक्ष्यांच्या बाबतीतही ईबर्ड हे पथ्य पाळतं. ज्या जातींना शिकाऱ्यांचा, चोरांचा किंवा घरट्यापाशी गर्दी करणाऱ्यांचा धोका आहे, त्यांची नेमकी जागा लपवली जाते आणि नोंद वीस किलोमीटरच्या चौकोनात ढोबळ दाखवली जाते. नकाशाने काय दाखवायचं नाही, हेही कुणीतरी ठरवलेलं असतं, हे तेव्हा वर्गात पहिल्यांदा बोललं गेलं.

क्षेत्रभेट अर्थातच शिवडीला. तिथे वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती ठरवते. पूर्ण ओहोटीला रोहित चिखलात खूप आत जातात, नुसती गुलाबी रेघ दिसते. पूर्ण भरतीला चिखलच उरत नाही. मधल्या तासांत ते काठाकडे सरकतात. आम्ही भरतीचं कोष्टक बघून निघालो. मुलांनी अटल सेतू, जहाजं, तेलाच्या टाक्या आणि त्यांच्यापुढे चोच उलटी करून चिखल गाळणारे रोहित एकाच वेळी पाहिले. आमच्याआधी आलेल्या कॅमेरेवाल्यांची दाटीही पाहिली. एकाने ती मोजली आणि वहीत पक्ष्यांच्या खाली लिहिली. मी ती ओळ खोडू दिली नाही.

आता मी कुठल्याही ठिपक्यांच्या नकाशाकडे पाहते तेव्हा मला वाटतं, आधी पाहणाऱ्यांचा नकाशा मागावा. खड्ड्यांच्या तक्रारींचा नकाशा हा तक्रार करायला वेळ असलेल्यांचाही नकाशा असतो. रुग्णांचा नकाशा हा तपासणी जिथे झाली तिथला असतो. आमच्या गच्चीवर घारी वाढल्या नाहीत, लालबागही बदललं नाही. नकाशावर मात्र एक जागा कोरी राहिली नाही, कारण कुणीतरी मधल्या सुट्टीत तिथे थांबलं.

त्या वर्षीच्या चाचणीत मी एक प्रश्न घातला. भौगोलिक कारणे लिहा: ईबर्डच्या नकाशावर शिवडीत नोंदी दाट आहेत, लालबागमध्ये विरळ आहेत. तीन गुण. खाडी आणि चिखलाणीला एक गुण. भरती-ओहोटी आणि स्थलांतराला एक. बहुतेकांनी हे दोन्ही लिहिलं, पुस्तकी भाषेत, नीट. तिसरा गुण मी राखून ठेवला होता लोकल गाडी, रविवार आणि कॅमेरा यांपैकी काहीही लिहिणाऱ्यासाठी. तो मिळवणाऱ्यांत वर्गात एरवी मागे असणारी मुलं बरीच होती. गच्चीवर वही धरायला तीच आधी धावायची. एका मुलीने तर उत्तराच्या शेवटी मलाच विचारलं होतं, लालबागमध्ये विरळ कोणत्या महिन्यापर्यंत? तिला मी पूर्ण गुण दिले आणि प्रश्नपत्रिकेत पुढच्या वर्षीपासून तारीख घालायची असं ठरवलं.